गवा वाट चुकतो, की वाटच हरवते?

कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या फडात गवा दिसला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'धुमाकूळ' हा शब्द ठरलेलाच असतो. शब्दाबरोबर निवाडाही येतो : गवा घुसखोर आणि माणूस पीडित. ज्याचे भाताचे पीक एका रात्रीत तुडविले जाते, त्या शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. तथापि निवाडा देण्यापूर्वी आरोपीची ओळख करून घेणे न्यायाला धरून होईल.

आपण त्याला 'गवा रेडा' म्हणतो. इंग्रजी अमदानीतील शिकारी 'बायसन' म्हणत. दोन्ही नावे फसवी आहेत. गवा रेड्याच्या नव्हे, गाईबैलांच्या कुळातला. आणि बायसन हा अमेरिका व युरोप येथील निराळाच प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाते. शिंगे नर आणि मादी दोघांनाही असतात. गवत, पाला, बांबूचे कोंब हा त्याचा आहार. क्षारांसाठी तो खारट माती चाटतो. स्वभावाने तो बुजरा असून माणसांचा वावर वाढला की रात्री चरू लागतो. एवढ्या मोठ्या देहाचे पोषण एकाच कुरणावर होत नाही. म्हणून चारा आणि पाणी असेल तिकडे कळपाला फिरावे लागते.

हे भटकणे केवळ गव्याचे नाही. उत्तर ध्रुवाकडील रेनडिअर तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. हरणांच्या कुळात मादीलाही नियमाने शिंगे येतात ती याच एका जातीत. नराची शिंगे हिवाळ्याच्या आरंभी गळतात. गाभण मादीची मात्र बहुधा वसंतात वीण होईपर्यंत टिकतात आणि बर्फ उकरून मिळविलेला चारा राखण्यास तिला उपयोगी पडतात. याच रेनडिअरचे नॉर्वेतील रानटी कळप आज तुकड्यातुकड्यांत विभागले गेले आहेत. रस्ते, लोहमार्ग आणि विजेसाठी बांधलेले जलाशय यांनी त्यांच्या ऋतुमानाच्या वाटा तोडल्या. प्राचीन शिकाऱ्यांनी त्या वाटांवर खणलेले खड्डे अजून दिसतात; कित्येक ठिकाणी कळप मात्र तेथून जात नाहीत.

आपल्याकडची कथा याहून फार निराळी नाही. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ साली घोषित झाले आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाला. २०१२ साली राधानगरीला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु अभयारण्याची सीमा नकाशावर असते, गव्याच्या पायांना ती ठाऊक नसते. भोगावती आणि दुधगंगा यांवरील धरणांनी जिल्हा सुजलाम् केला, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. पण त्या पाण्याखाली खोऱ्यांतील सपाट जमीनही गेली. जिल्ह्यातील काही पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या, गवताच्या जागी रानमोडी माजली आणि रानाच्या कडेपर्यंत हिरवागार ऊस आला. भुकेल्या जनावराला याहून स्पष्ट आमंत्रण कोणते?

वाट चुकलेल्या जनावराशी आपण कसे वागतो, हे ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये दिसले. शहरात शिरलेला गवा गर्दी, गोंगाट आणि पाठलाग यांत तासन्‌तास धावत राहिला आणि पकडल्यानंतर मेला. बिथरलेला गवा माणसाचा जीव घेऊ शकतो, हे खरेच. म्हणून तर त्याला न बिथरविणे हा पहिला धडा ठरतो. चित्रीकरणासाठी धावणारा जमाव स्वतःचा आणि त्या मुक्या जिवाचा, दोघांचाही घात करतो.

उपाय दोन अंगांनी हवेत. पिकाची भरपाई हेलपाट्यांविना आणि वेळेवर मिळाली पाहिजे, कारण रानाची किंमत एकट्या शेतकऱ्याने मोजावी हा न्याय नव्हे. दुसरे, राधानगरी ते चांदोली हा सह्याद्रीचा पट्टा अखंड राहिला पाहिजे. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा ही संवर्धन राखीव क्षेत्रे त्यासाठीच घोषित झाली आहेत. ती कागदावर राहू नयेत. गवताची कुरणे राखणे आणि रानमोडी काढणे हे काम दिखाऊ नाही, पण उसाच्या फडाचे खरे रक्षण त्यातच आहे. जनावराला त्याची वाट मोकळी ठेवली, तर ते आपल्या वाटेला सहसा येत नाही.