लहान वृद्धनिवास : गुण आणि उणिवा

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात वयाची ६० वर्षे ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांची संख्या १० कोटींहून अधिक होती. त्यांपैकी ज्यांना घरी आधार नाही, त्यांनी कोठे राहावे? निर्धन वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांना सामावून घेणारा वृद्धाश्रम राज्य सरकारने उभारावा, अशी तरतूद २००७ च्या कायद्यात आहे. याहून निराळी वाट म्हणजे दहाबारा जणांचा लहान वृद्धनिवास.

अशा निवासाचा मोठा गुण म्हणजे ओळख. कोणाला भाकरी दुधात कुस्करून लागते, कोणाला पहाटेच स्नान हवे असते, हे तेथील सेविकेला सांगावे लागत नाही. एखादे आजोबा चहाला आले नाहीत, तर ते लगेच ध्यानात येते. मोठ्या संस्थेत माणूस खाटेच्या क्रमांकाने ओळखला जाण्याचे भय असते. येथे तो नावाने ओळखला जातो.

परंतु जो गुण, त्यातूनच उणीवही उद्भवते. दोनच सेविका असल्या आणि एक आजारी पडली, की सारा भार दुसरीवर येतो. रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले, तर डॉक्टर जवळ नसतो. चालकाचा उत्साह मावळला किंवा पैसा आटला, तर सर्वांवरच बेघर होण्याची वेळ येते.

म्हणून केवळ प्रेमळपणा पुरेसा नाही. जवळच्या रुग्णालयाचे साहाय्य, रात्री जागी असणारी सेविका आणि चोख हिशेब असेल, तरच लहान निवास मोठ्याहून बरा. नातवंडांची भेट मात्र कोणताही निवास पुरवू शकत नाही. ती घरूनच यावी लागते.