पालकांस कळविण्यात येते की...

शाळेनं पालकांना काही कळवूच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पूर्वी ती फारच कमी कळवायची. तिमाही, सहामाही आणि वार्षिक असं तीनदा प्रगतिपुस्तक घरी यायचं. त्यावर वडिलांची सही उमटायची आणि आमच्या पाठीवर त्यांची पाच बोटं. एरवी चिरंजीव नववीत आहेत की दहावीत, याचाही वडिलांना नीटसा पत्ता नसे.

आता मोबाइल दिवसभर किणकिणतो. उद्या पांढरे बूट. परवा संमेलनाला कोळ्याचा वेष. फीची शेवटची तारीख. ही मात्र तीनदा! त्याखाली चाळीस पालकांचे जोडलेले हात आणि एकाचा प्रश्न : ‘बूट कोणते?’

पण दिवाळीपासून वर्गाला गणिताचे सर नाहीत, हे या निरोपांत कुठेच नव्हतं. ते सांगितलं चिरंजिवांनी, भूमितीत सात मार्क पडल्यावर!

अहो, 2011 च्या राज्याच्या फी-कायद्यात पालक-शिक्षक संघ आहे. त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि खासगी शाळेला फीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो. फीचा हिशेब मागता येतो, मग तासांचा का नाही?

माझी मागणी लहानशीच आहे. दर शनिवारी एकच निरोप धाडा : कोणते तास झाले, कोणते बुडाले आणि का.

बुटांचं आमचं आम्ही बघून घेऊ.