शिकवणाऱ्यानेही शिकत राहावे

गेल्या डिसेंबरातील एका सकाळी मी दवाखान्याचे दार उघडत असतानाच रिक्षातून एक सून आपल्या सासऱ्यांना आधार देत उतरली. सासरे सदुसष्ट वर्षांचे. भिवंडीतल्याच यंत्रमाग कारखान्यांत जॉबर म्हणून त्यांची सारी हयात गेली. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून माझ्याकडूनच चालू होती. आदल्या रात्री डोके दुखू लागले, दोन उलट्या झाल्या आणि पहाटे त्यांनी सुनेला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. घरच्यांना पक्षाघाताची शंका आली. मलाही प्रथम तीच आली. तातडीने रुग्णालयात पाठवले. तेथे रक्तातील सोडियम ११८ निघाले. निरोगी माणसात ते साधारणपणे १३५ ते १४५ असते.

सोडियम एकदम वाढवले तर मेंदूला इजा होते, म्हणून ते सावकाश वर आणावे लागते. पाचव्या दिवशी काका घरी आले आणि मग उलगडा झाला. ते दोन महिन्यांपासून सकाळच्या एका धावण्याच्या गटात जात होते. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये साठीपुढील नागरिकांसाठी स्वतंत्र, छोटी दौड असते. जानेवारीत तीत उतरायचे, ही त्यांची हौस. गटाच्या प्रशिक्षकांनी सर्वांना सांगितले होते, “दिवसाला चार लिटर पाणी प्या, तहानेची वाट पाहू नका.” काकांनी आयुष्यभर कारखान्यात शिस्त पाळली होती; ही शिस्तही त्यांनी बाटल्या मोजून पाळली.

“सरांनी भल्यासाठीच सांगितलं होतं, डॉक्टर,” काका म्हणाले. ते खरेच होते. परंतु काकांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. अशा औषधांपैकी काहींमुळे मूत्रावाटे सोडियम अधिक जाते. त्यात वयोमानाने जादा पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची क्षमताही उणावते. वरून चार लिटर पाणी, तेही थंडीच्या दिवसांत. रक्त पातळ होत गेले आणि त्याचा परिणाम मेंदूवर झाला.

वाचकहो, दोष वाटायचा झाला तर त्यातला वाटा माझ्याही पदरी येतो. गोळी लिहून देताना “पाणी किती पिता?” असे मी सहा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. मात्र या प्रसंगाने एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. आपण पहाटे आपले आई-वडील ज्या प्रशिक्षकाच्या हवाली करतो, त्याचे ज्ञान कोणत्या सालचे आहे? आपल्या क्षेत्रात काय नवे कळले, काय खोटे ठरले, याचा मागोवा तो घेतो का?

पाण्याचेच उदाहरण घ्या. तहान लागण्यापूर्वीच भरपूर पाणी प्यावे, असे धावपटूंना पुष्कळ वर्षे सांगितले जात असे. २००२ साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू सोडियम घसरून मृत्युमुखी पडली. त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले होते. त्यांपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. शर्यतीच्या काळात ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले, म्हणजे जे घामाने गमावले त्याहून अधिक पाणी प्यायले, त्यांच्यात हा दोष विशेष होता. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर जाणकार प्रशिक्षकांनी आपला सल्ला बदलला. तहानेनुसार पाणी प्या, असे ते सांगू लागले. तरीही जुना सल्ला आपल्या मैदानांवर अजून ऐकू येतो.

येथे आणखी एक मेख आहे. “तहानेनुसार प्या” हा नवा सल्ला तरुणाला योग्य असला, तरी सत्तरीच्या माणसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण वाढत्या वयात तहानेची जाणीवच मंदावते. उन्हाळ्यात अशी माणसे नकळत कोरडी पडतात. ज्यांचे हृदय दुर्बल आहे, त्यांना तर पाण्याची मर्यादाच घालून दिलेली असते. म्हणून प्रशिक्षकाने वाचत राहावे हे निम्मे झाले; समोर कोण उभे आहे ते पाहणे हे उरलेले निम्मे.

या दोन्ही गोष्टी ज्याने साधल्या अशा एका प्रशिक्षकाची हकीकत सांगतो. बिल बॉवरमन हे अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक. १९६२ च्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले. तेथे आर्थर लिडियार्ड हे प्रशिक्षक मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना, हृदयविकार होऊन गेलेल्यांनाही, संथ गतीने धावायला लावत असत. बॉवरमन त्यांच्यासोबत धावू लागले आणि पन्नाशीतच धापा टाकत मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक गृहस्थ त्यांना सोबत करण्यासाठी गती कमी करून मागे थांबले. ऑलिंपिकचे धावपटू घडवणाऱ्या या माणसाने तो धडा मनाला लावून घेतला. मायदेशी परतल्यावर सामान्य नागरिकांसाठी संथ धावण्याचे वर्ग त्यांनी सुरू केले. पण एकट्याच्या बळावर नव्हे. वाल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांना त्यांनी सोबत घेतले आणि दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९६७ साली निघाले. प्रशिक्षक दुसऱ्या प्रशिक्षकाकडून शिकला, एका वृद्धाकडून शिकला आणि वैद्याला विचारून पुढे गेला.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लष्करात क्रॉस कंट्री धावत होते. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना पारखले आणि अडथळ्यांच्या स्टीपलचेस शर्यतीकडे वळवले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी त्याच शर्यतीत रौप्यपदक मिळवले. समोरच्या माणसाकडे नीट पाहणे ते हेच. आपल्याला पदक नको. परंतु ही नजर आपल्या वाट्यालाही यायला हवी.

तेव्हा ज्येष्ठांनी, आणि विशेषतः त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांनी, गटात नाव घालण्यापूर्वी प्रशिक्षकांना नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. आमच्या गोळ्यांची यादी आपण पाहाल का? साठीपुढील माणसांना आपण पूर्वी कधी शिकवले आहे का? नवी माहिती आपण कोठून मिळवता आणि ती कोणाकडून पडताळून घेता? पूर्वी सांगत होतात पण आता सांगणे सोडले, अशी एखादी गोष्ट आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. ज्याने वीस वर्षांत आपला एकही सल्ला बदललेला नाही, त्याच्याविषयी थोडे सावध राहावे. आठवड्याला नवा उपाय आणणाऱ्याविषयीही तितकेच.

गोळ्यांची यादी का दाखवायची, तेही सांगतो. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात. तेव्हा “नाडी १३० पर्यंत न्या” हे फर्मान अशा व्यक्तीला घातक ठरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर व्यायामात उतरू शकते. त्याच्या खिशात साखरेच्या पुड्या हव्यात. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनी वाकून एकदम उठताना भोवळ येते. लघवी वाढवणाऱ्या औषधांचे वर सांगितलेच. मात्र हे वाचून कोणीही आपली गोळी स्वतःहून बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: मी धावू की चालू, आणि दिवसाला पाणी किती?

गतीसाठी घड्याळाची गरज नाही. सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकीच धाप पुरे. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. छातीत दडपण, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा भोवळ आली तर तेथेच थांबावे. व्यायाम सुरू केल्यानंतर डोकेदुखी, मळमळ आणि बोलण्यात असंबद्धता दिसली तर पाणी पाजत बसू नये, रुग्णालय गाठावे.

काकांची जानेवारीची दौड हुकली. त्यांची गोळी आम्ही बदलली. काही दिवसांनी त्यांचे प्रशिक्षक स्वतः माझ्या दवाखान्यात आले. तिशीतला, मनापासून काम करणारा तरुण. “मला कुणी हे सांगितलंच नव्हतं, डॉक्टर. मी तरुण मुलांना शिकवत आलो, तेच यांना सांगितलं,” तो म्हणाला. आम्ही तासभर बसलो. आता त्याच्या वहीत प्रत्येक ज्येष्ठाच्या नावापुढे आजार, गोळ्या आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो, आणि महिन्यातून एकदा तो ती वही घेऊन माझ्याकडे येतो. त्या वहीमुळे मलाही माझ्या रुग्णांविषयी दोन-चार नव्या गोष्टी कळल्या आहेत.

काका हल्ली वऱ्हाळदेवी तलावाकाठी सकाळी चालतात, मधूनच थोडे धावतात. सून दर रविवारी त्यांच्या गोळ्यांची यादी ताडून पाहते आणि चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवते. आपल्या घरीही अशी एक चिठ्ठी आजच लिहून ठेवावी.