'लर्नेड' म्हणजे कोण? एका विशेषणावरून झालेले लाख रुपयांचे भांडण

मेकॉलेच्या नावावर फिरणारे ते सुप्रसिद्ध 'संसदेतील भाषण' आधी बाजूला ठेवा. २ फेब्रुवारी १८३५ रोजी तो ब्रिटिश संसदेत बोलणे शक्यच नव्हते. तो तेव्हा हिंदुस्थानात होता. त्या तारखेचा खरा दस्तऐवज म्हणजे त्याचे शिक्षणविषयक टिपण. त्याच्या आरंभीच एका विशेषणावरून वाद घातलेला आहे. मेकॉलेचे भक्त आणि मेकॉलेचे वैरी, दोघेही नेमका तोच भाग ओलांडून पुढे जातात.

ते विशेषण म्हणजे 'लर्नेड'. १८१३ च्या सनदी कायद्याच्या ४३ व्या कलमाने दरवर्षी किमान एक लाख रुपये राखून ठेवण्याची तरतूद केली. हेतू तीन: वाङ्मयाचे पुनरुज्जीवन व सुधारणा, 'लर्नेड नेटिव्ह्ज'ना उत्तेजन, आणि शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार. मराठीत याचे भाषांतर सर्रास 'सुशिक्षित भारतीय' असे केले जाते. हे भाषांतर चुकीचे आहे, आणि त्या चुकीमुळे पुढचा सगळा वादच कळेनासा होतो.

'लर्न' या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीत 'शिकणे' आणि 'शिकवणे' असा दुहेरी वापर होता. 'लर्नेड' म्हणजे मुळात 'शिकवलेला'. पण अठराव्या शतकापर्यंत या शब्दाला वेगळेच वजन आले होते. लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांना 'लर्नेड' भाषा म्हणत, आणि त्यांत मुरलेल्या माणसाला 'लर्नेड' मनुष्य. (न्यायालयात वकील प्रतिपक्षाच्या वकिलाला आजही 'लर्नेड फ्रेंड' म्हणतात, तो याच आदराचा अवशेष.) तेव्हा १८१३ च्या वाचकाला 'लर्नेड नेटिव्ह' म्हटल्यावर व्युत्पन्न शास्त्री, पंडित, मौलवी दिसणार हे उघड आहे. शिवाय कलमात 'पुनरुज्जीवन' हा शब्द आहे, आणि जे या देशात कधी नव्हतेच त्याचे पुनरुज्जीवन कसे करणार?

मेकॉलेने हा अर्थ थट्टेवारी नेला. मिल्टनचे काव्य, लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूटनचे पदार्थविज्ञान जाणणारा 'लर्नेड' नाही, आणि कुशगवताचे उपयोग पाठ असणारा मात्र 'लर्नेड', हे कसे, असा त्याचा सवाल. टोला झकास आहे; कायद्याचा अर्थ म्हणून मात्र लंगडा. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कायद्याच्या सभासदाने तो लिहावा, हे विशेष. शास्त्रीय ज्ञानाचा तिसरा हेतू त्याच्या बाजूने होताच. त्याने त्याचा आधार घेतलाही, पण विशेषण सोडले नाही. कारण पैसा त्या विशेषणाला बांधलेला होता. संस्कृत-अरबीच्या विद्यार्थ्यांना सरकार विद्यावेतन देई, तर इंग्रजी शिकू पाहणारे स्वतः शुल्क द्यायला तयार होते. हा मुद्दा मेकॉलेने हिरिरीने मांडला आहे. प्रिन्सेपने विरोधी टिपण लिहिले, पण ७ मार्च १८३५ च्या ठरावात बेंटिंकने कौल मेकॉलेकडे दिला. जुनी विद्यालये बंद झाली नाहीत. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन मात्र थांबले.

आता मेकॉलेला 'गुरुकुलांचा मारेकरी' किंवा 'बहुजनांचा मुक्तिदाता' ठरवणाऱ्यांनी सांगावे: या भांडणात गावातला कुणब्याचा पोर कोणत्या बाजूला होता? पंडितांच्या 'लर्नेड'मध्ये तो बसत नव्हता, मिल्टनवाल्यांच्या 'लर्नेड'मध्येही नाही. मेकॉलेने तर मोजका मध्यस्थ वर्ग घडवायचा, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. पुण्याची तऱ्हा फारशी निराळी नव्हती: पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात जी पाठशाळा निघाली ती संस्कृतची.

हा प्रश्न सरकारदरबारी रोखठोक विचारला तो १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी. हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी दाखवून दिले की महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यांची मागणी 'लर्नेड' माणसांसाठी नव्हतीच. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, एवढे ते मागत होते.