ट्रक सामानासाठी, माणसांसाठी एसटी

मा. साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, साखर संकुल, पुणे



दसरा झाला की बीड, आष्टी, पाथर्डीकडची गावं रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ट्रकच्या हौद्यात चढतात. खाली धान्याची पोती, भांडीकुंडी, कोपीचं, म्हणजे तात्पुरत्या झोपडीचं, सामान. त्या ढिगावर बाया, म्हातारी माणसं, लेकरं. फाळक्याशी शेळी बांधलेली. सांगली, कोल्हापूर, कधी थेट बेळगावपर्यंत रात्रभर असंच जायचं. धरायला एखादी दोरी, नाहीतर शेजारणीचा दंड. गाडी कलंडली की माणसं आधी फेकली जातात आणि सामान त्यांच्या अंगावर येतं.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे. तो बसतो ट्रकवाल्याला. ज्या कारखान्याच्या उसासाठी ही माणसं निघाली, त्याला झळही लागत नाही. शिवाय पोलिसांनी अपरात्री घाटाखाली गाडी रिकामी करायला लावली, तर तान्हं मूल घेऊन एखाद्या बाईनं जायचं कुठं? रस्त्यावरच्या कारवाईनं हा प्रश्न सुटणार नाही. म्हणूनच हे पत्र परिवहन खात्याऐवजी आपल्याला लिहीत आहे.

अपघातानंतरची परवड तर अधिकच क्रूर आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलं की, मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही. मालाचा मालक, त्याचा प्रतिनिधी किंवा गाडीमालकाचा कामगार असेल तर गोष्ट वेगळी. पण तोडणी मजूर नक्की कुणाचा कामगार? कारखाना वाहतूक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार मुकादमाकडे, आणि मुकादमाच्या वहीत फक्त उचलीचा आकडा असतो.

शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, थकवली की आपण गाळप परवाना अडवून धरता. ते योग्यच आहे. मग तोडणी मजूर हौद्यातून आणणाऱ्या कारखान्यालाही तीच कसोटी लावा. परवान्याच्या अर्जासोबत मजुरांची यादी, त्यांचा अपघात विमा आणि त्यांना बसनं आणल्याचा पुरावा मागा. एसटीकडे प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी बस भाड्यानं घेण्याची, सोय आहे. गणपतीला कोकणात आणि आषाढीला पंढरपुरात जादा गाड्या सोडण्याचा तिला वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. सामान आणि जनावरं ट्रकमधून येऊ द्या, माणसं बसमधून. भाडं कारखान्यानं भरावं. ते मजुराच्या उचलीतून कापलं जाणार नाही, हेही लेखी घ्या. परतीच्या प्रवासाला हीच अट हवी, कारण गाळप संपून पट्टा पडला की कारखान्याला मजुरांची गरज उरत नाही.

ऊस वजनकाट्यावर मोजला जातो. तो तोडणारी किती माणसं, कोणत्या गाडीनं आली, याचीही नोंद झाली पाहिजे. येत्या हंगामाचे परवाने देण्यापूर्वी हा आदेश काढा, ही कळकळीची विनंती.

आपला,
मराठवाड्यातील एक नागरिक