मंगळावर लाईट गेली तर?

परवा दोन सुट्ट्या जोडून आल्या म्हणून भाचा नाशिकला आला होता. ऐन आषाढ, चार दिवस सूर्याचं दर्शन नाही, गच्चीवरच्या सोलरचं पाणी जेमतेम कोमट. मी गीझर लावला तसा पठ्ठ्या म्हणाला, "मामा, मंगळावर असं झालं तर?"

तेव्हा हसण्यावारी नेलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

मंगळावर मुळात ऊन पृथ्वीच्या निम्म्याहून कमी. त्यात धुळीची वादळं, आठवडेच्या आठवडे चालणारी. २०१८ साली असंच एक वादळ साऱ्या ग्रहावर पसरलं आणि चौदा वर्षं इमानेइतबारे फिरलेली, सौर ऊर्जेवरची 'ऑपॉर्च्युनिटी' गाडी जूनमध्ये गप्प झाली ती कायमचीच. त्याच वादळात 'क्युरिऑसिटी' मात्र काम करत राहिली, कारण तिची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेपासून बनते. २०१२ साली ती उतरली तेव्हा ही वीज ११० वॅटच्या आसपास होती. म्हणजे आपला एक-दीड पंखा! यंत्राला पुरतं, माणसांना कसं पुरणार? त्यांना ऑक्सिजन बनवायचाय, बर्फ वितळवायचाय, घर उबदार ठेवायचंय... आपल्या एकलहऱ्यासारखा कोळसा जाळावा म्हटलं, तर तिथल्या हवेत तो पेटणारही नाही.

म्हणून माझं मत असं, की तिथे वस्ती करायची तर मुख्य वीज अणुभट्टीचीच हवी, सौर जोडीला. नासाने २०१८ मध्येच नेवाडात छोट्या भट्टीची चाचणी घेतली आहे. १ ते १० किलोवॅटच्या भट्ट्यांची ही कल्पना. अशा चार-पाच तरी हव्यात, एक बंद पडली तर दुसरी.

आपल्याकडे अणू म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. तारापूरला १९६९ पासून अणुवीज बनते, तरीही. पण जैतापूरकरांचे जमिनीचे, मासेमारीचे प्रश्न मला खोटे वाटत नाहीत. मंगळावर कुणाची वाडी उठवावी लागत नाही, एवढंच तिथे सोपं. तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं लावू नये.

लोडशेडिंगच्या काळात आपण मेणबत्ती लावून, गच्चीवर गप्पा मारत रात्री काढल्या. तिथे वीज गेली म्हणजे श्वासच गेला.

भाचा म्हणतो, मी मोठा झालो की जाणार. जा बाबा. फक्त यानात बसण्याआधी विचार, वीज कुठून येणार, आणि ती गेली तर दुसरी कुठून?

तुम्हाला काय वाटतं?