विडीची कणव

२००१ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने करवून घेतलेला एक अहवाल झेक प्रजासत्ताकात बाहेर आला. सिगारेट ओढणारे लवकर मरतात, त्यामुळे त्यांची पेन्शन आणि म्हातारपणचे औषधपाणी वाचते, म्हणजे सरकार फायद्यातच राहते, असा त्यातला हिशेब. जगभर छी-थू झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली.

आपल्याकडे असले अहवाल कोणी लिहीत नाही. आपण विडीवरचा कर कमी करतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटला ४० टक्क्यांच्या रांगेत बसवायचे ठरवले. विडी मात्र २८ वरून १८ वर उतरवली आणि तेंदूपत्ता १८ वरून ५ वर. गरिबाचा धंदा, गरिबाचे व्यसन! पण विडीचे पान सारखे विझते, ती पेटती ठेवायला वरचेवर जोराने ओढावी लागते आणि धुरातले विष सिगारेटपेक्षा कमी तर मुळीच जात नाही.

अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांनी २०१७ सालासाठी विडीमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांची किंमत मांडली, ती ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. त्यात औषधोपचार जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी बहुतेक बुडालेली कमाई. विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी असे सगळे धरले तर २०१७-१८ चा आकडा १ लाख ७७ हजार कोटींचा, देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडा अधिक. त्या वर्षी केंद्र आणि राज्ये मिळून आरोग्यावर १.३५ टक्के खर्च करत होती.

झेक हिशेबात निदान पेन्शन तरी होती. आपल्या हमालाला, गवंड्याला ती कुठली? पन्नाशीत दम लागून तो घरी बसला की सारा हिशेब घरातच चुकता होतो. आधी बायकोच्या गळ्यातले जाते, मग दुभते जनावर, मग थोरल्याची शाळा. परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेल्या नातेवाइकांचा बुडालेला रोजगार कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

सोलापूर-सिन्नरच्या विडी कामगार बायकांचे पोट या धंद्यावर आहे, हे खोटे नाही. पान भिजवा, कापा, तंबाखू भरून वळा, दोरा बांधा, तेव्हा कुठे हजार विड्यांमागे मजुरी मिळते. आणि तंबाखूची धूळ त्यांच्याही छातीत जाते, विडी न ओढता. त्यांच्यासाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर होता. त्यातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत, घरांना मदत होई. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. कामगारांसाठीचा पैसा असा गेला, आणि कामगारांच्या नावावर मागितलेली सवलत तेवढी वाढली.

आता आणखी दहा टक्के सुटले. त्यातले हजारी मजुरीत किती पडायचे, याबद्दल त्या निर्णयात एक अक्षर नाही.